दोन खुडूक

अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी अंगानं तापलेली असते, हे धाकटीला ऐकून माहीत होतं. पण इतकी तापलेली असते हे हात घातल्यावरच कळलं. सकाळचे साडेसात वाजले होते. कामावर जायचे कपडे घालून, खांद्यावरची पर्स तशीच ठेवून, ती गच्चीच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं ठिपकीच्या पोटाखाली हात सरकवला. ठिपकीनं मनगटावर एक टोच हाणली, चांगलीच. पण धाकटी दचकली ती टोचण्यानं नव्हे. पोटाखालची पिसं कोंबडीनं स्वतःच उपटून टाकली होती आणि त्या उघड्या कातडीला तिची बोटं लागली होती. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला लागावीत तशी. त्याखाली अंडी होती, गुळगुळीत, जड, तितकीच गरम. हात लगेच काढून घ्यायला हवा होता, काम तेवढंच होतं, कोंबडीला उचलून दाण्यापाशी ठेवायचं. पण हात तिथंच राहिला. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय आणि बाहेर पडायचं मनात येत नाहीये, असं काहीसं तिला वाटत होतं. "उठली का?" आतून जाऊबाईंचा आवाज आला. तो जमिनीतून यावा तसा आला, कारण जाऊबाईंचं तोंड जमिनीकडेच होतं.

जाऊबाईंचा डावा डोळा आधीपासूनच अधू होता, आणि आता उजव्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो बसवला, डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडला आणि सांगितलं, पंधरा दिवस पालथं पडून राहायचं. बुडबुडा वर चढतो, वर चढला की पडद्याला दाबून धरतो, म्हणून मान खाली. जेवताना खाली, चालताना खाली, झोपताना तर खालीच. तासाला दहा मिनिटं तेवढी सूट. आणि ही सगळी भानगड नेमकी कधी व्हावी, तर ठिपकीला अंड्यांवर बसवून सहा दिवस झाले असताना. गच्चीवर तीन कोंबड्या होत्या, कोंबडा नव्हता. कोंबडा ठेवला असता तर खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी जीव घेतला असता. म्हणून ठिपकी खुडूक बसल्यावर जाऊबाईंनी पाववाल्याकडून जिवाची, पिल्लं निघतील अशी अंडी मागवली होती. त्याच्या परसात कोंबडा होता. नऊ अंडी त्यानं पावांच्या टोपलीत, रुमालात गुंडाळून आणली. जाऊबाईंनी प्रत्येकावर पेन्सिलीनं फुली काढली, म्हणजे दुसऱ्या कोंबड्यांनी मध्येच येऊन अंडं घातलं तर ओळखता यावं, आणि मग कुणालाही हात लावू दिला नाही. सहाव्या दिवशी त्यांना आडवं पडावं लागलं. "दोन खुडूक पडल्या तुझ्या गळ्यात," त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "एक टोचते, एक बोलते. दोघींनाही दिवसातून एकदा उठवायचं, खायला घालायचं, घाण काढायची आणि परत जागेवर नेऊन बसवायचं. जमेल का?" धाकटी हसली नव्हती. जाऊबाईंच्या विनोदाला लगेच हसायचं नाही, ही सवय सत्तावीस वर्षांची होती.

सत्तावीस वर्षं एका घरात. आधी दोन भाऊ आणि दोघी जावा, मग थोरले गेले, त्यानंतर पाच वर्षांनी धाकटीचा नवरा गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या गच्चीसकट, दोघीच उरल्या. मधली एक वेळ अशी होती की दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कशावरून, ते आता दोघींनाही आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण दोघींना वेगवेगळं. निरोप नवऱ्यांमार्फत जात. नवरे गेल्यावर बोलणं भाग पडलं. बोलणं म्हणजे तरी काय, मीठ संपलं, नळ गळतो, दार ओढून घे. जाऊबाईंचा मुलगा दूरच्या शहरात असायचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, आई, आता इकडे ये. जाऊबाई दर रविवारी म्हणायच्या, बघू. डोळ्याच्या आजारपणानं त्या 'बघू'ला धार आली होती. परवा फोन उशाशी ठेवून, पालथ्या पडल्या पडल्या त्या त्याच्याशी बोलत होत्या; कानाला धरता येत नाही म्हणून आवाज मोठा केलेला, स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. "हे बघ," जाऊबाई म्हणाल्या, "पिल्लं निघाली तर त्यांना टाकून मी कुठं येऊ? आणि नाही निघाली तर समजेन, आपल्या हाताला आता यश नाही. मग चल, येते." मुलगा म्हणाला, "आई, कोंबडीवर काय ठरवतेस?" "मग कशावर ठरवू?" जाऊबाई म्हणाल्या. मुलानं तारीख सांगितली. बाविसाव्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. धाकटी हातातलं ताट पुसतच राहिली. कोरडं झालेलं ताट.

आपल्याला त्या जायला हव्यात की नकोत, याचा तिला पत्ताच लागेना. पूर्वी विचारलं असतं तर तिनं क्षणात सांगितलं असतं. वर्षानुवर्षं तिनं मनातल्या मनात ही खोली रिकामी करून पाहिली होती, इथं कपाट हलवायचं, तिथं खुर्ची टाकून सकाळचा चहा एकटीनं प्यायचा, कुणी म्हणणार नाही की बशी कुठे आहे. आता खोली खरंच रिकामी व्हायची वेळ आली तर कपाट हलेना. ती स्वतःकडे नवलानं बघत होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती भिंगं घासायची. चोवीस वर्षांचं काम. घासून झालेलं भिंग छोट्या दिव्यासमोर धरायचं, आत रेघ आहे का, बुडबुडा आहे का, बघायचं, आणि बाजूला ठेवायचं. दिवसाला चाळीस-पन्नास. त्यातलं एकही तिनं कधी स्वतःच्या डोळ्यांवर लावलं नव्हतं.

तो दिवा ती एका संध्याकाळी घरी घेऊन आली, मालकाला सांगून. आठव्या दिवशी. गच्चीचं दार लोटून, स्वयंपाकघर अंधारं करून, तिनं ठिपकीखालून एक अंडं काढलं आणि दिव्यावर धरलं. कवच तांबूस उजळलं. आत लाल बारीक धागे पसरलेले होते आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलला. तिनं अंडं जवळजवळ सोडलंच. परत धरलं. परत हलला. चोवीस वर्षं ती अशा उजेडात बघत आली होती, पण तिथं काही दिसणं म्हणजे दोष. भिंग नुसतं स्वच्छ असायला हवं. इथं उलटं होतं. जे अंडं स्वच्छ, ते रिकामं. नऊपैकी सात अंड्यांत ठिपके होते. दोन नुसती उजळून राहिली. ती तिनं बाजूला काढली. मग ती जाऊबाईंच्या खोलीत गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली, कारण उभं राहून बोललं तर त्यांना फक्त तिची पावलं दिसायची. तिनं सगळं सांगितलं. जाऊबाई मध्येच म्हणाल्या, "धागे कुठल्या बाजूनं जाड होते?" "टोकाकडून." "आणि हलला म्हणजे कसा? झटक्यानं की सावकाश?" धाकटीला आठवेना. "मग परत बघून ये," जाऊबाई म्हणाल्या, "मला इथं काही काम नाही." तीस वर्षं कोंबड्या पाळलेली ही बाई, हिनं अंड्याच्या आत कधी पाहिलंच नव्हतं. जाऊबाईंना विचारणाऱ्याच्या जागी आणि स्वतःला सांगणाऱ्याच्या जागी बसलेलं पाहून धाकटीला मजा वाटली. लग्न होऊन ती आली तेव्हा काहीही विचारलं की उत्तर एकच असे: बघ आणि शिक.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. ती दिव्यावर एखादं अंडं बघायची, जमिनीवर बसायची, सांगायची. जाऊबाई उशीच्या खळग्यातून विचारायच्या. ठिपकी खाऊन किती वेळात परतली? पाणी प्यायली का? शी केली का, किती केली, बापरे, एवढी, म्हणजे ठीक आहे, दिवसभर धरून ठेवते ती, बसल्या जागी घाण करत नाही. अंडी चोचीनं फिरवते का? बाहेरची आत, आतली बाहेर? धाकटी कामावर असताना दुपारी तिला एकदम आठवायचं, हे सांगायचं राहिलं. घासायच्या चाकावर भिंग धरून ती थांबायची. शेजारचा कारागीर म्हणाला, "ताई, तुमचं हल्ली लक्ष कुठंय?" ती म्हणाली, "कोंबडीत." त्याला वाटलं चेष्टा.

तेराव्या दिवशी चूक झाली. उन्हाची दिशा बदलू लागली होती आणि सकाळी खोक्याच्या तोंडावर एक पट्टा थेट येऊन पडायचा. कोंबडी आत बसून चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. भिंगावर ऊन पडलेलं धाकटीला दुकानातही खपायचं नाही. तिनं ठिपकीला उचलून दाण्यापाशी सोडलं आणि ती खात असताना खोकं सावलीत सरकवलं. किती, तर हातभर. उजवीकडे. तिला ते इतकं शहाणपणाचं वाटलं की संध्याकाळी जाऊबाईंना सांगू असंही ठरवून झालं. ठिपकी मातीच्या कुंडीत अंग घुसळत होती. उशीर झाला होता. आता जाईल ती आपोआप, असं म्हणून धाकटी निघून गेली.

संध्याकाळी साडेपाचला ती परत आली तेव्हा ठिपकी बसलेली होती. खोक्यात नव्हे. जिथं खोकं होतं तिथं, उघड्या फरशीवर, पंख पसरून, मान आत ओढून. मधूनच ती चोच पुढे करून काहीतरी पोटाखाली ओढत होती. तिथं काहीच नव्हतं. हातभर अंतरावर खोकं होतं, त्यात सात अंडी. धाकटीनं हात लावला. फरशीइतकी गार.

मग तिनं खोकं मूळ जागी सरकवलं, ठिपकीला उचलून आत ठेवलं, आणि ठिपकीनं बसता बसता अंडी पायांनी सारखी केली, जणू सकाळपासून तेच करत होती. "आज काय दिसलं?" आतून आवाज आला. धाकटी जमिनीवर जाऊन बसली. जाऊबाईंचा कान, पांढऱ्या केसांत अर्धा बुडालेला, तिच्याकडे होता. तिनं तोंड उघडलं तेव्हा खरंच सांगायचं होतं. "हलतंय," ती म्हणाली. जाऊबाईंनी श्वास सोडला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आज दिवसभर मला उगीचच धाकधूक होत होती."

दुसऱ्या दिवशी पाववाला आला तेव्हा दारातच, आवाज खाली घेऊन, तिनं त्याला विचारलं. कुणाच्या तरी ओळखीच्यांकडे असं झालंय म्हणून. तो टोपली गुडघ्यावर ठेवून हसला. "कोंबडी अंडी ओळखत नाही हो, जागा ओळखते. अंडी काढून दगड ठेवा, दगडावर बसेल. जागा हलवली की संपलं." "आणि अंडी?" "गारठली असतील तर गेली. नसतील तर रेंगाळत रेंगाळत... काही सांगता येत नाही." त्यानं पाव मोजून दिले आणि तो जिना उतरून गेला. धाकटी तिथंच उभी राहिली. जागा ओळखते, अंडी नाही. मग सकाळ-संध्याकाळ ती इतक्या मायेनं फिरवते ते काय फिरवते? आणि आपण? या घरात सत्तावीस वर्षं बसून राहिलो ते कशावर? नवरा गेला तेव्हा माहेरच्यांनी विचारलं होतं, येतेस का. ती नाही म्हणाली होती, आणि लोकांनी सांगितलं की जाऊबाईंना एकटं सोडवत नाही बिचारीला. तिनं ते खोडून काढलं नाही. खरं तर तिनं तेव्हा विचारच केला नव्हता. सकाळी उठली आणि कामावर गेली, एवढंच.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. दिव्यावर अंडी धरली की आत नुसता काळोख दिसायचा. इतक्या दिवसांच्या अंड्यात तसाच दिसतो, पिल्लू सगळी जागा भरून टाकतं. पण मेलेलं पिल्लूही तशीच जागा भरतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा दिवा तिला काही सांगेना. रात्री पडल्या पडल्या ती स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. खोकं हलवताना आपल्या मनात काय होतं? नुसतं ऊन? की कुठंतरी खोल, पिल्लं निघाली नाहीत तर खोली रिकामी होईल, हेही होतं? तिला प्रामाणिकपणे काही आढळेना. आणि आढळलं नाही म्हणून खात्रीही वाटेना. एक मात्र दिवसेंदिवस स्पष्ट होत गेलं. संध्याकाळी जमिनीवर बसून "हलतंय" म्हणताना तिला खोट्याची लाज वाटायची, पण त्या बसण्याची ओढ लाजेपेक्षा मोठी असायची. दुकानातून ती आता धावत यायची. सत्तावीस वर्षांत तिच्याकडून कुणी इतकं काही ऐकून घेतलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा. तो चांगला होता, पण त्याला फार प्रश्न पडत नसत.

एकविसावा दिवस उजाडला आणि काही झालं नाही. दुपारी जाऊबाईंना डॉक्टरांकडे नेलं. पडदा जागेवर चिकटलाय, आता बसायला हरकत नाही, म्हणाले. दिसायला अजून महिनाभर धूसरच राहील. रिक्षात जाऊबाई मान खाली घालूनच बसल्या होत्या, सवयीनं. "उद्या येतोय तो," त्या म्हणाल्या. "आज आवाज यायला हवा होता गं. निघायच्या आधी कोंबडी आतल्यांशी बोलायला लागते. हळू, घशातल्या घशात. मी पहाटेपासून कान लावून होते." जाऊबाईंना घरी सोडून, दुकानात थोडं काम आहे असं सांगून धाकटी बाहेर पडली आणि सरळ बाजारात गेली. कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे एका दिवसाची पिल्लं मिळायची. तिनं सहा घेतली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ती पिवळी, एकसारखी, एकमेकांवर चढत होती. बेत सोपा होता. अंधारून आलं की ठिपकीखालची अंडी काढायची आणि एकेक पिल्लू सरकवायचं. कोंबडी घेते, पाववाल्यानंच कधीतरी सांगितलं होतं. ठिपकीची पिल्लं अशी पिवळीधमक कशी, हे धूसर डोळ्यांना कळायला महिना होता. महिन्यात काय काय होऊ शकतं. बसमध्ये तिनं खोकं मांडीवर घेतलं. पुठ्ठ्यातून ऊब येत होती आणि लोक वळून बघत होते. आपण हे जाऊबाईंसाठी करतोय असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. आपण हे आपल्यासाठी करतोय, म्हातारी गेली तर आपलं कसं होईल या भीतीनं करतोय, हे उतरायच्या थांब्यापर्यंत तिला कळून चुकलं, आणि कळलं तरी ती खोकं घेऊन जिना चढतच राहिली.

पलंग रिकामा होता. उशीवर पंधरा दिवसांच्या कपाळाचा खळगा. गच्चीचं दार उघडं, आणि दारापलीकडे जाऊबाई बुटक्या स्टुलावर बसलेल्या, मान अजून खालीच, डोळ्यावर पट्टी, एक हात ठिपकीच्या पोटाखाली कोपरापर्यंत. ठिपकी टोचत नव्हती. "आलीस? दार वाजवू नकोस," जाऊबाई कुजबुजल्या. "इकडे ये. हे कानाला लाव." त्यांनी हात बाहेर काढला. हातात अंडं होतं, त्यावरची फुली पुसट झालेली. धाकटीनं पुठ्ठ्याचं खोकं खाली ठेवलं आणि अंडं कानाला लावलं. आधी तिला स्वतःच्याच कानाची धडधड ऐकू आली. मग आतून टक्. थोडं थांबून, परत टक्. कुणीतरी नखानं दार वाजवावं तसं. "उशीर झालाय, पण आहे," जाऊबाई म्हणाल्या. "एकाचा तरी आवाज पक्का आहे. बाकीच्यांचं उद्या कळेल." धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याच क्षणी खाली ठेवलेल्या खोक्यातून सहाच्या सहा पिल्लांनी एकदम कलकलाट केला.

जाऊबाईंनी मान किंचित तिरपी केली. "आणि हे कोण?"

तिनं सांगितलं. खोकं हातभर सरकवलेलं, फरशीवर बसलेली ठिपकी, गार अंडी, आठ दिवसांचं 'हलतंय', बाजार. अंडं जाऊबाईंनी तिच्या हातातून घेतलं आणि जागेवर ठेवलं. "पंधरा दिवस मी जमिनीकडे तोंड करून पडले," त्या शेवटी म्हणाल्या, आणि आवाज असा होता की धाकटीला त्या वर्षभराच्या अबोल्याची आठवण झाली. "मला दिसत काहीच नव्हतं. तू सांगायचीस तेवढंच मी बघत होते. आणि त्यातलं निम्मं तू बनवलंस. का?"

"तुम्ही जाल म्हणून."

"जाईनच. जाईन नाही तर काय करीन? तू कधी म्हणालीस थांबा? तो दर रविवारी ये म्हणतो. तू इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालीस?"

"नाही म्हणाले." धाकटीला शब्द जड जात होते, एकेक उचलून ठेवावा लागत होता. "आता म्हणते. जाऊ नका. मला करमणार नाही तुमच्याशिवाय. पिल्लं निघोत, न निघोत."

"एवढं बोलायला तुला सहा पिल्लं विकत आणावी लागली," जाऊबाई म्हणाल्या. राग अजून गेला नव्हता. तो लवकर जाणारही नव्हता, हे धाकटीला त्यांच्या हनुवटीवरून कळत होतं. खोक्यातली पिल्लं ओरडत होती. ठिपकीनं मान बाहेर काढली, त्या दिशेनं वळवली, आणि तिच्या घशातून एक नवाच, बारीक, खालचा आवाज निघाला. दोघींनीही तो ऐकला. जाऊबाईंनी हात पुढे केला, तळवा वर करून. "दे, एकेक दे. घाई करू नकोस, पाय मुडपतील." धाकटीनं पहिलं पिल्लू त्यांच्या तळव्यावर ठेवलं. जाऊबाईंनी ते न बघता पंखाखाली सरकवलं आणि हात परत पुढे केला. "आणि पोराला फोन लाव. त्याला म्हणावं, उद्या भेटायला ये. न्यायला नको."